घसरगुंडीच्या वाटेतली कमान

डोळे मिटा बघू. मिटलेत? आता समुद्रावर एक घसरगुंडी उभी करा. बागेतल्यासारखी नव्हे, खूप मोठी. तिचं वरचं टोक ढगांत आणि खालचं टोक किनाऱ्यावरच्या एका लांबलचक काळ्या पट्टीला टेकलेलं. या घसरगुंडीला रंग नाही, कठडे नाहीत. खरं तर ती दिसतच नाही. पण आकाशातून उतरणारं प्रत्येक विमान तिच्यावरूनच खाली येतं. वैमानिकाला ती ठाऊक असते आणि टॉवरमध्ये बसलेल्या माणसांनाही. तिच्यात कुणाचंही काहीही घुसलेलं चालत नाही. पतंग नाही, माडाचा शेंडा नाही, होडीची डोलकाठीही नाही.

आता त्या घसरगुंडीच्या अगदी पायथ्याशी, पाण्यावर, एक होडी ठेवा. होडीत एक मुलगी बसवा. तिच्या पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधा आणि त्यांवर कोंबडीची पांढरी पिसं चिकटवा. ही नेरी. सणाच्या मिरवणुकीत ती देवदूत झाली होती, आणि पंखांचा बंद बगलेत काचत होता.

झालं? उघडा डोळे.

नेरीची आई, एडिथा पालमारेस, तुबिगानच्या विमानतळाची प्रमुख होती. पूर्वी तिथं मनिलाहून येणारी छोटी पंख्यांची विमानं तेवढी उतरायची, कारण धावपट्टी आखूड होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. डोंगर काही हलत नाही, म्हणून आईनं पट्टी समुद्रात वाढवून घेतली. खाली दगड, त्यावर समुद्राच्याच तळातून उपसलेली वाळू आणि त्यावर डांबर. इमारतीवर "आंतरराष्ट्रीय" अशी नवी पाटी लागली. पण परदेशातलं विमान मात्र अजून एकही उतरलं नव्हतं. पाटीखालून जाताना लोक एकमेकांना कोपरानं ढोसत आणि म्हणत, "आमचा कोंबडाही आंतरराष्ट्रीय आहे, फक्त अजून कुठं गेला नाही."

आज ते पहिलं विमान येणार होतं, हाँगकाँगहून. तंबूत मनिलाचे साहेब येऊन बसले होते. विमान कंपनीचा माणूस आला होता. टेबलावर भाजलेलं अख्खं डुक्कर होतं, आणि शाळेतली पोरं कागदी झेंडे घेऊन उन्हात तिष्ठत होती. कंपनीच्या माणसानं आईला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, पहिलं विमान तुमच्याकडे व्यवस्थित उतरलं तर पुढची इथंच येतील. नाही उतरलं, तर शेजारच्या शहराचा विमानतळ तयारच आहे."

आणि त्या विमानात नेरीची मावशी होती.

टिटा नेनेत हाँगकाँगला एका घरी स्वयंपाक करायची, त्यांची मुलं सांभाळायची. कितीतरी वर्षांत ती घरी आली नव्हती. यंदा समुद्रमातेच्या सणाचा मान तिच्याकडे आला होता. तुबिगानला दर वर्षी एक एर्माना असते, म्हणजे त्या सणाची यजमानीण. गावजेवण तिचं, बँड तिचा, मेणबत्त्या तिच्या. पण खरा मान वेगळाच. माता, म्हणजे तिची मूर्ती, होडीत बसून समुद्रात आली की एर्माना आपल्या हातानं पाण्यात हार सोडते. हार पाण्याला लागला की बँड वाजतो, इंजिनं सुरू होतात आणि सगळ्या होड्या मातेच्या होडीमागून खाडीच्या तोंडापर्यंत जातात. हार पडेपर्यंत कुणी हलत नाही. आणि एकदा माता पाण्यात आली की फेरी पुरी झाल्याशिवाय किनाऱ्याला परत आणत नाहीत. परत आणली तर मासळी वर्षभर पाठ फिरवते, असं तिथले कोळी मानतात.

हे सगळं आईला ठाऊक होतं. ती त्याच गावची, त्याच घरची. म्हणून तिनं आपल्या बापाबरोबर, म्हणजे नेरीच्या लोलो इस्कोबरोबर, नीट ठरवलं होतं. मातेची होडी तेच चालवत. सकाळी विमान उतरेल. टिटा थेट गोदीवर येईल. मग ती होडीत चढेल आणि मिरवणूक निघेल. विमान येऊन जाईपर्यंत पट्टीच्या टोकाशी मिरवणूक न्यायची नाही. लोलो "बरं" म्हणाले होते, आणि लोलोंचं "बरं" म्हणजे दगडावरची रेघ.

पण हाँगकाँगला धुकं पडलं. विमान उशिरा निघालं. आणि समुद्राला काही कुणी कळवत नाही. ओहोटी आपल्या वेळेला लागली.

"पाणी चाललं," लोलो तेव्हा म्हणाले होते. "इथं थांबलो तर माता चिखलात बसेल. चला, खोल पाण्यात जाऊन थांबू."

खोल पाणी कुठं होतं? पट्टीसाठी जिथून वाळू उपसली होती तिथंच. पट्टीच्या टोकासमोर.

तर नेरी तिथं होती. लोलोंनी दोन होड्या शेजारी शेजारी बांधल्या होत्या, बाहेरच्या अंगाला तोल सांभाळणाऱ्या बांबूच्या उलांड्या, मधे फळ्यांचा चौथरा. चौथऱ्यावर माता, मातेवर बांबूची कमान आणि कमानीवर फडफडणारे रंगीत कागदी झेंडे. कमान दर वर्षी मागल्या वर्षीपेक्षा उंच करायची, हा तिथला हट्ट. यंदाची इतकी उंच झाली होती की बँडमधला ढोलवाला मानोंग कार्डिंग म्हणाला, "नोंग इस्को, आणखी एक बांबू लावा, म्हणजे माता थेट स्वर्गातच पोचेल." भोवती गावातल्या सगळ्या होड्या नांगर टाकून डुलत होत्या. वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहत होता, आणि कमान कुरकुरत होती.

नेरीच्या डाव्या पंखामागे आईनं दिलेला छोटा रेडिओ होता. "विमान येताना आमचं बोलणं ऐक," आईनं सांगितलं होतं. "मात्र देवदूतानं रेडिओ लपवायचा."

तो आता खरखरला.

"नेरी? विमान जवळ आलंय. होड्या कुठं आहेत? गोदीवर कुणीच दिसत नाही."

"पाण्यात," नेरी म्हणाली.

"ते कळलं गं. पाण्यात कुठं?"

"तुझ्यासमोर. मला तुझी पिवळी गाडी दिसतेय."

लांब, पट्टीच्या टोकाशी, पिवळ्या गाडीचं दार उघडलं. एक छोटी आकृती खाली उतरून दगडांच्या बांधावर धावत आली आणि तिथंच खिळली.

"आजोबांना दे," आई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. घरातला राहिला नव्हता.

नेरीनं रेडिओ लोलोंच्या कानाशी धरला.

"ताताय, आपलं ठरलं होतं! पट्टीसमोर मिरवणूक आणायची नाही!"

"मिरवणूक कुठं आणलीय?" लोलो शांतपणे म्हणाले. "थांबलोय नुसते. मिरवणूक सुरू व्हायला एर्माना लागते. आली का ती?"

"ती विमानात आहे!"

"मग उतरव तिला."

"तुम्ही हललात तर उतरवीन ना!"

"ती उतरली की हलतो."

मानोंग कार्डिंगनं टिपऱ्या गुडघ्यावर ठेवल्या. "दोघंही बरोबर बोलतायत," तो म्हणाला. "हीच पंचाईत आहे."

तेवढ्यात ते दिसलं. समुद्राच्या कडेला, धुरकट आभाळात, एक पांढरा दिवा. मग त्याचे दोन झाले. मग मधे एक जाड पोट आणि दोन्ही बाजूंना पसरलेले पंख. मनिलाच्या विमानांपेक्षा कितीतरी मोठं. होड्यांतून ओरडा झाला. पोरं उभी राहिली. बायकांनी रुमाल काढले. विमान खाली येत होतं, सरळ त्यांच्याकडे, त्या न दिसणाऱ्या घसरगुंडीवरून. नेरीनं मान वर करून कमानीकडे पाहिलं. कमानीचं टोक आभाळात रुतलं होतं.

ती घसरगुंडी नेरीनं पाहिलेली होती. आईनं एकदा जेवणाच्या टेबलावर मोजपट्टी तिरपी धरून दाखवली होती. खालच्या टोकाशी मिठाची बरणी ठेवली आणि मोजपट्टी बरणीवर अडकली. "बघ," आई म्हणाली होती, "विमानतळ चालवणं म्हणजे विमानं उडवणं नव्हे, ते वैमानिक करतात. आपण फक्त बरण्या उचलायच्या."

आज बरणी लोलोंच्या होडीवर होती.

रेडिओतून टॉवरचा आवाज आला, तुटक आणि कोरडा, "पट्टीसमोर अडथळा. उतरू नका. वर जा, वर जा."

विमानाचं नाक उचललं. मग असा गडगडाट झाला की नेरीनं दोन्ही हातांनी कान झाकले. पाणी थरथरलं, कागदी झेंडे फाडफाड वाजले, आणि विमानाची सावली सगळ्या होड्यांवरून धावत गेली. ते पट्टीवरून तसंच वर चढलं, डोंगराच्या अलीकडे कललं आणि दिसेनासं झालं.

होड्यांतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पाहिलंत?" कुणीतरी ओरडलं. "मातेला सलामी द्यायला खाली आलं!"

"नेनेतनं सांगितलं असणार वैमानिकाला!" दुसरा म्हणाला.

ट्रम्पेटवाल्यानं तर उत्साहात एक लांब सूर ओढला. सगळे हसत होते, टोप्या हलवत होते. एकट्या नेरीला ठाऊक होतं. ती हसली नाही.

"लोलो," ती म्हणाली, "ती सलामी नव्हती. त्याला उतरता आलं नाही. आपल्यामुळे."

लोलोंनी सुकाणूवरचा हात काढला नाही. पण त्यांचा जबडा हलला.

रेडिओवर आता आई टॉवरशी बोलत होती. नेरीनं तो कानाशी घट्ट धरला. गस्तीची होडी का आली नाही? ती ओहोटीनं पलीकडच्या चिखलात रुतली होती. विमान डोंगराच्या बाजूनं उतरेल का? नाही, तिकडे डोंगर आडवा, आणि वारा पाठीमागून येणार. थांबेल का? वैमानिकानं सांगितलं होतं की एक फेरी मारतो, एकदा पुन्हा प्रयत्न करतो. तेवढंच इंधन. तेव्हाही वाट मोकळी नसली तर शेजारच्या शहरात जाऊन उतरतो.

आईच्या मागून, तंबूतून तिथं येऊन पोचलेल्या कंपनीच्या माणसाचा आवाज रेडिओत ऐकू आला, "वारा समजू शकतो मॅडम, डोंगर समजू शकतो. पण धावपट्टीसमोर बँड?"

आई म्हणाली, "नेरी, ऐकतेस? माझं ताताय ऐकत नाहीत. तुझं ऐकतात का बघ."

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? नेरीनंही डोकं चालवलं. तुम्हाला सुचेल ते सगळं तिला सुचलं.

"लोलो, कमान खाली काढू या."

"वेतानं बांधलीय. कापली तर मातेवर पडेल, नाहीतर कार्डिंगवर."

"माझ्यावर पडली तरी चालेल," कार्डिंग म्हणाला, "पण ढोल उसना आणलाय."

"मग किनाऱ्याकडे जाऊ."

"फेरी पुरी न करता?" लोलोंनी तिच्याकडे असं पाहिलं की नेरीनं पुढचं वाक्य गिळलं.

"मग फेरी सुरू करा ना! पुढे चला. बाकीचे आपल्यामागून येतीलच."

"हार पडल्याशिवाय?"

"मी टाकते! मी तिच्याच घरची आहे. हार पण मीच ओवलाय."

ते खरं होतं. पहाटे तिनंच तो ओवला होता, केळीच्या सोपटाच्या कड्यावर चाफा आणि मोगरा. बोटांना अजून वास होता. हार मातेच्या पायाशी ओल्या फडक्यात ठेवला होता.

लोलोंनी त्या ओल्या फडक्याकडे पाहिलं. लांबवर विमानाची घरघर डोंगरामागून फिरत होती.

"तुला तुझी टिटा आठवते का?" त्यांनी विचारलं.

"फोनवरची आठवते."

"हं. फोनवरची." लोलोंनी पाण्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांची पोरं वाढवली. दुसऱ्यांचे सण रांधले. इथल्या सणाला आम्ही जेवायला बसलो की ती फोनवरून विचारायची, ताताय, हार कुणी टाकला? दर वर्षी एकच प्रश्न. तिनं या एका हारासाठी तिथं कायकाय केलं, ते मला माहीत आहे. आणि तो मी दुसऱ्या हातानं पाडू? तुझ्या आईची पट्टी मोकळी व्हावी म्हणून?"

"आईची पट्टी नाही ती. सगळ्यांची आहे."

"पट्टी झाली तेव्हापासून इथली मुडदुशीची मासळी गेली. ती सगळ्यांची नव्हती?"

नेरीनं खाली, वाळू उपसलेल्या खोल पाण्यात पाहिलं. पण घरघर आता मोठी झाली होती.

"लोलो, विमान दुसरीकडे गेलं तर तिच्या हातानंही हार पडणार नाही."

"थांबू. संध्याकाळपर्यंत थांबू. ती गाडीनं येईल."

"मधे घाट आहे! उद्याच पोचेल. आणि सण आज आहे."

लोलोंनी मान हलवली. हो म्हणून नव्हे, नाही म्हणूनही नव्हे. अंगावर बसलेली माशी झटकावी तशी. म्हातारी माणसं अडकली की असं करतात. त्यांना ठाऊक असतं काय खरं आहे, पण दिलेला शब्द आणि मनातला राग यांत त्यांचा हात सापडलेला असतो. तेव्हा त्यांच्यावर ओरडून काही उपयोग होत नाही.

रेडिओ खरखरला. या वेळी आवाज विमानतळाच्या प्रमुखाचा नव्हता.

"ताताय," आई म्हणाली. "वाळू तिथून उपसायला नको होती. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. ते भांडण आपण घरी भांडू, तुम्ही म्हणाल तितके दिवस. पण आज नेनेतला घरी येऊ द्या."

लोलोंनी ते ऐकलं. नेरीनं त्यांचे डोळे पाहिले. ते भरून आले होते. पण सुकाणूवरचा हात जिथल्या तिथंच होता. त्यांना हलता येत नव्हतं. हार पडला नव्हता.

"विमान फिरून आलं," टॉवर म्हणाला. "समुद्रावर आहे. पट्टीसमोर अजून अडथळा आहे का?"

"आहे," आई म्हणाली.

समुद्राच्या कडेला पुन्हा तो पांढरा दिवा पेटला.

होड्यांतले लोक पुन्हा उभे राहिले. "परत येतंय! पुन्हा सलामी!" पोरं ओरडायला लागली. एका बाईनं आपलं तान्हं बाळ वर धरलं, विमानाला दाखवायला. नेरीला वाटलं, आपण एकटीच जागी आहोत आणि बाकी सगळे झोपेत हसतायत.

दिव्याचे दोन झाले.

नेरी गुडघ्यांवर बसली. तिनं मातेच्या पायाशी ठेवलेलं ओलं फडकं बाजूला केलं. हार जड होता, गार होता. चाफ्याची एक पाकळी सुटून तिच्या मनगटाला चिकटली.

"नेरी," लोलो म्हणाले.

ती उभी राहिली. पंख होडीच्या दोरीत अडकला. तिनं तो हिसकला, तशी मूठभर पिसं उडाली. विमानाचं पोट आता दिसत होतं.

"नेरी, ठेव तो."

तिनं लोलोंकडे पाहिलं. आजवर त्यांचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. मग तिनं मातेकडे पाहिलं आणि मनातल्या मनात म्हणाली, हा टिटाचाच आहे, मी फक्त बरणी उचलतेय. आणि तिनं दोन्ही हातांनी हार पाण्यात सोडला.

थप्प, असा आवाज झाला. एवढासाच.

पण तुबिगानमधल्या माणसांचे हात त्या आवाजासाठीच घडलेले असतात. कुणी टाकला, का टाकला, हे कुणी विचारलंच नाही. मानोंग कार्डिंगच्या टिपऱ्या ढोलावर पडल्या. त्याला स्वतःलाही कळलं नसेल. ट्रम्पेट वाजलं. मागच्या होडीतल्या पोरानं इंजिनाची दोरी ओढली, त्याच्या मागच्यानं ओढली, त्याच्या मागच्यानं ओढली. नांगर पाण्यातून सपासप वर आले. आणि लोलोंच्या हातानंही, इतकी वर्षं हार पडताच जे केलं तेच केलं. सुकाणू वळलं, इंजिन खोकलं आणि धडधडू लागलं.

मातेची होडी हलली.

सुरुवातीला अगदी हळू. दोन जड होड्या, वर एवढी मोठी कमान, वाऱ्यात डोलणारी. "चला, चला, चला," नेरी पुटपुटत होती. तिची नजर कमानीच्या टोकावर होती आणि टोकामागे विमान मोठं होत होतं. पट्टीच्या टोकावरचे दिवे एकेक करून डावीकडे सरकू लागले. पहिला. दुसरा. मागून सगळ्या होड्या बदकाच्या पिल्लांसारख्या ओळीनं येत होत्या. शेवटच्या होडीचं इंजिन बंद पडलं. त्यातले दोघे उठून वल्ही मारू लागले. अंगातलं सगळं बळ लावून, शिव्या देत आणि मातेची क्षमा मागत.

"टॉवर," आई म्हणाली, "थांबा. थांबा. अजून एक होडी आहे."

विमानाची चाकं दिसली.

"गेली," आई म्हणाली. "वाट मोकळी. वाट मोकळी आहे!"

"उतरा," टॉवर म्हणाला.

या वेळी गडगडाट वर चढला नाही. तो त्यांच्या मागून, खालून, पाण्याला घासून गेल्यासारखा गेला. नेरीनं वळून पाहिलं. त्या न दिसणाऱ्या घसरगुंडीवरून एवढं मोठं विमान अलगद खाली आलं, काळ्या पट्टीला टेकलं आणि चाकांखालून धुराचे दोन झोत उठले. मग ते पळत सुटलं. पुढे, पुढे, डोंगराच्या दिशेनं, हळूहळू मंद होत. शाळेतल्या पोरांचा कल्ला पाण्यावरून इतका लांब ऐकू आला.

रेडिओवर आईचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "ताताय, नेनेत आली."

लोलोंनी मान डोलावली. आईला ते दिसणार नव्हतं, पण त्यांनी डोलावली. ते नेरीला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मागे वळून पाण्याकडे बघत राहिले. तिथं होड्यांच्या लाटांवर हार वरखाली होत होता. डोंगराकडचा वारा त्याला हळूहळू खुल्या समुद्राकडे ढकलत होता.

"तिचा होता तो," ते हळूच म्हणाले. दोष देण्यासाठी नाही. नुसतंच.

वाट मोकळी झाली होती. विमान उतरलं होतं. आता थोड्याच वेळात टिटा पायऱ्यांवरून खाली येईल, गोदीकडे धावेल, आणि इतक्या वर्षांचा प्रश्न विचारेल. ताताय, हार कुणी टाकला?

नेरीनं हाराकडे पाहिलं. तो अजून फार लांब गेला नव्हता. केळीचं सोपट पाण्यात बुडत नाही. होड्यांना खाडीच्या तोंडाशी पोचायला अजून वेळ होता, आणि तिथं पोचेपर्यंत फेरी पुरी झालेली नसते. तोवर हाच हार टिटाच्या हातून पुन्हा पाण्यात पडू शकत होता.

तिनं पंखांचा बंद सोडला. रेडिओ मानोंग कार्डिंगच्या हातात दिला.

"हे काय?" कार्डिंग म्हणाला. "अगं देवदूत, कुठं निघालीस?"

"आईला सांगा, टिटाला खाडीच्या तोंडाशी आणायला," नेरी म्हणाली.

आणि उलांडीवर दोन पावलं टाकून, हार जिकडे चालला होता तिकडे, तिनं पाण्यात सूर मारला.